निळी, तांबडी आणि धुळीतली हिरवी : एका शर्यतचित्राच्या वाचनाच्या नोंदी

३ जून २०२५

ठाण्याच्या नौपाड्यातील दालनात ऑगस्टमध्ये भरणाऱ्या ‘वाहन आणि वेग’ या प्रदर्शनासाठी पाचपाखाडीतील एका कुटुंबाने उसने दिलेले तैलचित्र आज पोहोचले. कॅनव्हासची रुंदी साधारण साडेचार फूट आणि उंची तीन फूट आहे. पुढे सही नाही आणि मागे चिठ्ठी, शिक्का किंवा हाताने लिहिलेली एकही ओळ नाही. कुटुंबातील आजोबा पन्नासच्या दशकात बोटीवर नोकरीला असताना युरोपातील कुठल्याशा बंदरावर त्यांनी हे चित्र विकत घेतले, एवढेच घरच्यांना ठाऊक आहे. ‘ही नुवोलारीची शर्यत आहे’ असे, त्या प्रसिद्ध इटालियन शर्यतचालकाचे नाव घेऊन, ते नेहमी म्हणत, ही आठवणही घरच्यांनी सांगितली. माझ्याकडे आलेले काम असे की चित्राचा अर्थ लावावा, दीडशे शब्दांच्या आत बसेल असा मराठी माहितीफलक लिहावा आणि दालनात फिरून माहिती देणाऱ्या मुलामुलींना काय सांगायचे ते ठरवून द्यावे.

पहिले वर्णन कोणताही तर्क न करता लिहून ठेवते. रस्ता चित्राच्या डाव्या-मागच्या कोपऱ्यातून आपल्याकडे येतो आणि उजवीकडे वळतो, म्हणजे चालकांच्या दृष्टीने हे डावे वळण आहे आणि आपण वळणाच्या बाहेरच्या कडेला उभे आहोत. सर्वांत पुढे निळी गाडी आहे. तिचा रेडिएटर घोड्याच्या नालाच्या आकाराचा असून चाकांना आठ चपटे आरे आहेत. तिच्या आतल्या बाजूने, अर्धी गाडी मागे, तांबडी गाडी घुसते आहे. तिचे अंग अरुंद असून चालक बरोबर मध्यभागी बसलेला आहे. या दोघींच्या मागे उडालेल्या धुळीत तिसरी गाडी हिरवी असल्याचे फक्त बॉनेटच्या एका पट्टीवरून आणि गॉगलच्या दोन चमकत्या ठिपक्यांवरून कळते. निळ्या गाडीत चालकाच्या डाव्या बाजूला आणखी एक माणूस बसला आहे. त्याने मान वळवून तांबड्या गाडीकडे पाहिले आहे आणि त्याचा उजवा हात चालकाच्या खांद्यावर आहे. रस्त्याच्या कडेने पॉपलरची रांग आणि तिच्याखाली काळसर गर्दी आहे. गाड्यांवरचे क्रमांक मात्र एकही पूर्ण दिसत नाही. निळीचा क्रमांक चालकाच्या बाहेर आलेल्या कोपराने झाकला आहे, तर तांबडीचा निळीच्या अंगाआड गेला आहे. चित्रकाराला ही ओळख द्यायची नव्हती, असे मला पहिल्याच दिवशी वाटू लागले आहे.

५ जून

रंगांपासून सुरुवात केली, कारण प्रेक्षकही तिथूनच सुरुवात करील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शर्यतीच्या गाड्यांवर जाहिराती नसत, देशांचे रंग असत. फ्रान्सचा निळा, इटलीचा तांबडा, ब्रिटनचा हिरवा, बेल्जियमचा पिवळा आणि जर्मनीचा आधी पांढरा आणि १९३४ पासून रुपेरी, अशी ती वाटणी होती. हिरव्या रंगाचा उगम १९०३ च्या गॉर्डन बेनेट शर्यतीशी जोडला जातो. इंग्लंडमधील सार्वजनिक रस्त्यांवर अशी शर्यत घेणे कायद्यात बसत नसल्यामुळे ती आयर्लंडमध्ये अथायजवळ झाली आणि यजमान भूमीचा मान म्हणून ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या गेल्या, असे सांगितले जाते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. रंग गाडी बनवणाऱ्या कारखान्याचा नसे, तर ती शर्यतीत उतरवणाऱ्याच्या राष्ट्रीयत्वाचा असे. १४ एप्रिल १९२९ रोजी मोनॅकोची पहिली ग्रां प्री, म्हणजे मोठ्या मानाची मोटारशर्यत, विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स याने जिंकली ती बुगाटी ३५-बी या फ्रेंच गाडीने, आणि ती गाडी हिरवी होती. म्हणून धुळीतल्या हिरव्या गाडीला फलकावर ‘बेंटली’ या ब्रिटिश गाडीचे नाव देण्याचा मोह टाळावा लागेल. दालनातल्या एका सहकाऱ्याने तसे सुचवले होते, आणि बेंटली हे नाव आपल्याकडे जास्त ओळखीचे आहे हेही खरे. पण बॉनेटच्या पट्टीवरून गाडीचे घराणे ठरत नाही.

निळीबद्दल मात्र शंका नाही. नालाच्या आकाराचा रेडिएटर, आठ आऱ्यांची ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाके, दिव्यांखाली झाकला न गेलेला चकचकीत गोल पुढचा आस आणि उजव्या अंगाला बाहेर काढलेला ब्रेकचा दांडा, ही सगळी बुगाटीच्या ३५ मालिकेची लक्षणे आहेत. या चाकांत ब्रेकचा ड्रम आऱ्यांबरोबर एकाच ओतकामात येई, त्यामुळे चाक काढले की ब्रेकची पाहणीही लगेच करता येई. ही गाडी प्रथम दिसली ती ३ ऑगस्ट १९२४ रोजी, लिऑं येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये. त्या दिवशी टायरांनी दगा दिल्यामुळे बुगाटींच्या पदरी फारसे काही पडले नाही, आणि सात तासांहून अधिक चाललेली ती शर्यत जुझेप्पे काम्पारीने आल्फा रोमिओ पी-२ मध्ये जिंकली.

१० जून

आज चाकांवर बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला असे वाटते.

रस्त्यावर लोळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो आणि सर्वांत वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. त्यामुळे धावत्या गाडीच्या छायाचित्रात खालचे आरे स्पष्ट येतात आणि वरचे पुसल्यासारखे दिसतात. तांबड्या गाडीच्या तारांच्या चाकांत चित्रकाराने नेमके हेच केले आहे. खालच्या अर्ध्या भागात तारा बारीक कुंचल्याने एकेक मोजून ओढल्या आहेत, तर वरच्या अर्ध्या भागात जवळजवळ कोरडा कुंचला एकदाच फिरवून सोडून दिला आहे. निळीच्या चाकांत मात्र आठही आरे वर-खाली सारखेच स्पष्ट आहेत. दोन गाड्या एकाच वेगात असताना एकीची चाके फिरतात आणि दुसरीची थांबलेली वाटतात, हा फरक नजरचुकीचा असणे मला शक्य वाटत नाही, कारण ज्याला तांबडीच्या चाकाचे गणित कळले त्याला निळीचेही कळत होतेच. परिणाम असा होतो की तांबडी आत येते आहे आणि निळी तिथे आहे. म्हणजे एक गाडी क्रिया करते आणि दुसरीवर ती क्रिया होते.

दुसरी गोष्ट झुकलेल्या आकारांची. चाकांची वर्तुळे किंचित पुढे झुकलेल्या लंबवर्तुळांसारखी आहेत आणि पॉपलरची झाडे किंचित मागे रेललेली आहेत. हा डोळ्याने पाहिलेला वेग नव्हे, कॅमेऱ्याने पाहिलेला वेग आहे. जुन्या कॅमेऱ्यांत छायाचित्र उमटणाऱ्या काचेपुढून एक फट सरकत जाई आणि काचेचा वरचा व खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी उजळे. तेवढ्या अवधीत गाडी पुढे सरकलेली असल्यामुळे तिची चाके पुढे कलत, आणि छायाचित्रकार गाडीबरोबर कॅमेरा फिरवत असेल तर रस्त्याकडेची माणसे उलट दिशेला कलत. जाक-आंरी लार्तिग याने १९१० नंतरच्या काही वर्षांत फ्रेंच ग्रां प्रीच्या रस्त्यावर टिपलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात हा कल इतका ठळक आहे की पुढे कितीतरी चित्रकारांनी आणि व्यंगचित्रकारांनी तो वेगाची खूण म्हणून उचलला. यंत्रातला हा दोष पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना इतका सवयीचा झाला की तोच खरा वाटू लागला.

भविष्यवाद्यांशी, म्हणजे वेग आणि यंत्र यांचे गुणगान करणाऱ्या इटलीतील लेखक-चित्रकारांशी, या चित्राचे नाते जोडावे का, असे दालनाच्या प्रमुख मॅडमनी विचारले होते. मारिनेत्तीने फेब्रुवारी १९०९ मध्ये पॅरिसच्या वृत्तपत्रात गर्जणारी मोटार प्राचीन शिल्पाहून सुंदर ठरवली, बाल्ला आणि रुस्सोलो यांनी त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत गाडीचा आकारच मोडून वेगाच्या रेषा रंगवल्या. आपल्या चित्रकाराने गाडीचा एकही खिळा मोडलेला नाही. तो त्या घराण्याचा नसून मोटारींच्या नियतकालिकांसाठी काम करणाऱ्या चित्रकारांच्या, म्हणजे इंग्लंडमध्ये फ्रेडरिक गॉर्डन क्रॉस्बी आणि फ्रान्समध्ये झेओ हाम यांच्या परंपरेतला आहे. या मंडळींना वाचकांपैकी अर्ध्यांना गाडीतला प्रत्येक बोल्ट ठाऊक आहे, याचे भान ठेवून रंगवावे लागे. फलकावर भविष्यवादाचा उल्लेख करायचा नाही, असे मी सुचवणार आहे.

१४ जून

अडचण आता उघड झाली आहे, म्हणून ती नीट मांडून ठेवते.

निळी गाडी १९२४ किंवा त्यानंतरची आणि तिच्यात शेजारी बसलेला मेकॅनिक. ग्रां प्री शर्यतींमध्ये चालकाबरोबर मेकॅनिक बसण्याची प्रथा १९२४ पर्यंतच होती. त्या वर्षी सान सेबास्तिआन येथे सनबीम गाडीतील टॉम बॅरेट हा मेकॅनिक अपघातात मरण पावला आणि १९२५ पासून ग्रां प्रीमध्ये मेकॅनिकला मनाई झाली. गाड्यांची अंगे दोन माणसांच्या रुंदीचीच राहिली, पण दुसरी जागा रिकामी राहू लागली आणि बऱ्याच वेळा तिच्यावर आच्छादन घातले जाई. म्हणजे ३५ मालिकेची बुगाटी आणि तिच्यात मेकॅनिक हे दृश्य ग्रां प्रीच्या इतिहासात फार थोड्या दिवसांचे आहे. एवढ्यावरून लिऑं, १९२४ असे म्हणता आले असते.

पण तांबडी गाडी ते म्हणू देत नाही. तिचा चालक मध्यभागी आहे, अंग एकाच माणसाच्या मापाचे आहे, रेडिएटर उभा आणि अरुंद आहे. ही आल्फा रोमिओची ‘टिपो बी’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली पी-३. विट्टोरिओ यानो याने रचलेल्या या गाडीत आठ सिलिंडरांचे २.६५ लिटरचे इंजिन होते, हवा दाबून भरणारे दोन सुपरचार्जर होते, आणि गिअरबॉक्सच्या मागे शक्तीची वाटणी होऊन दोन दांडे इंग्रजी व्ही अक्षरासारखे मागच्या दोन चाकांकडे जात. ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली जून १९३२ मध्ये, मोन्झा येथे. १९३४ च्या नव्या नियमांनी चालकाच्या जागी अंगाची किमान रुंदी ८५ सेंटिमीटर ठरवली तेव्हा पी-३ चे अंगही रुंद करावे लागले. आपल्या चित्रातली गाडी त्याआधीची, अरुंद आहे. शिवाय चित्रात एकही रुपेरी जर्मन गाडी नाही. १९३४ नंतरची मोठी शर्यत रंगवणारा चित्रकार त्या गाड्या सहसा टाळणार नाही.

तेव्हा तांबडी सांगते १९३२ किंवा १९३३ आणि निळीतला माणूस सांगतो १९२४. मेकॅनिकची प्रथा अधिक काळ टिकली अशी एक प्रसिद्ध शर्यत म्हणजे सिसिलीतील तार्गा फ्लोरिओ, जी बुगाटीने १९२५ ते १९२९ अशी लागोपाठ पाच वर्षे जिंकली. १९३० साली तिथेच आकिल्ले वार्झीच्या आल्फा पी-२ मध्ये मेकॅनिक धावत्या गाडीत पेट्रोल ओतत असताना मागच्या अंगाने पेट घेतला आणि त्याने बैठकीच्या गादीने ती आग झोडपून विझवली, पण वार्झी थांबला नाही आणि शर्यतही जिंकला. परंतु त्या वर्षी पी-३ अस्तित्वात नव्हती. आणि सिसिलीतल्या मादोनी डोंगरातले ते रस्ते दगडी कठड्यांचे, घाटांचे आणि निवडुंगांचे आहेत. सपाट क्षितिजावरची पॉपलरची रांग तिथली नव्हे.

१५ जून

कुटुंबातील ज्येष्ठ ताईंशी फोनवर बोलणे झाले. ‘नुवोलारी’ हे नाव आजोबांनीच लावले होते, विकणाऱ्याने सांगितले होते की नाही ते आठवत नाही. तांबडा चालक नुवोलारी असता तर चित्रकाराने त्याला पिवळा स्वेटर घातला असता असे मी त्यांना सांगितले, कारण तात्सिओ नुवोलारी पिवळ्या स्वेटरवरून दुरून ओळखू येई आणि १९३२ नंतर त्या स्वेटरवर कवी द’आनुन्त्सिओने दिलेले सोन्याचे कासव असे. चित्रातला तांबडा चालक मातकट तपकिरी कपड्यांत आहे. १९३३ च्या मोनॅकोतील वार्झी-नुवोलारी झुंजीचाही विचार करून पाहिला. शंभर फेऱ्यांच्या त्या शर्यतीत दोघे अखेरपर्यंत एकमेकांना मागे टाकत राहिले, वार्झी बुगाटी टाइप ५१ मध्ये होता आणि नुवोलारी आल्फाच्या ‘मोन्झा’ नावाच्या गाडीत, पी-३ मध्ये नव्हे. मोनॅकोचा रस्ता तर शहरातला. ताईंना थोडे वाईट वाटले असावे, पण त्यांनी “जे खरं असेल ते लिहा” असे सांगून मला मोकळे केले.

२० जून

वागळे इस्टेटमध्ये जुन्या फियाट गाड्यांचे काम आयुष्यभर केलेल्या आणि आता फक्त सल्ल्यासाठी गॅरेजवर येणाऱ्या एका काकांना दालनात बोलावले. चित्राचा विषय मी मुद्दामच सांगितला नाही. ते बराच वेळ निळीकडे न पाहता तांबडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “ताई, हा बाबा वळण डावीकडे आणि चाकं उजवीकडे धरून चाललाय. मागचा भाग सुटलाय त्याचा.” त्यांचे म्हणणे बरोबर आहे. डाव्या वळणावर तांबडीची पुढची चाके किंचित उजवीकडे वळलेली आहेत, म्हणजे मागची चाके बाहेर घसरत असून चालक उलट दिशेला चाक फिरवून ती घसरण सावरतो आहे. निळीची पुढची चाके वळणाच्या दिशेने आहेत, म्हणून ती नियमाने वळते आहे. पी-३ सारख्या गाडीच्या चारही चाकांना थोडे घसरू देऊन वळण घेण्याची जी रीत तीसच्या दशकातल्या चालकांनी, विशेषतः नुवोलारीने, रूढ केली, तिचे हे चित्रण आहे, आणि १९२४ च्या चालकाच्या डोळ्यांना ते बेदरकार वाटले असते.

नंतर काकांनी निळीतल्या दुसऱ्या माणसाबद्दल विचारले. तो काय करतो असे मी त्यांनाच विचारल्यावर ते हसून म्हणाले, “तीन हात नाक्यावर स्कूटर वळवताना मागे बसलेली बायको मान वळवून बघते आणि खांद्यावर हात ठेवते ना, ‘आता नको, बस येतेय’ म्हणून, तसाच आहे हा.” माहितीफलकात हे वाक्य बसणार नाही, पण मुलांना फिरवून दाखवताना सांगण्यासारखे आहे, आणि अर्थाच्या दृष्टीने ते मी वाचलेल्या कित्येक पानांपेक्षा जवळ गेले आहे. मेकॅनिकची कामे पुष्कळ असत. इंधनाच्या टाकीत दाब टिकवण्यासाठी हातपंप मारणे, तेलाच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवणे, टायरचा रबर सुटतो का ते पाहणे, थांब्यावर चाके बदलणे, आणि मागून कोण येत आहे हे चालकाला कळवणे. इंजिनाच्या आवाजात बोलणे अशक्य असल्यामुळे ते कळवणे हातानेच होई. या सगळ्या कामांपैकी चित्रकाराने फक्त शेवटचे निवडले आहे.

२६ जून

आज चित्र भिंतीवरून उतरवून दालन काळोखे केले आणि एका बाजूने, कॅनव्हासला जवळजवळ समांतर असा दिवा धरून रंगाच्या थरांची उंचसखलता पाहिली. सहकाऱ्याने दिवा हळूहळू फिरवला आणि मी छायाचित्रे घेतली.

निळ्या गाडीच्या दुसऱ्या जागेवर, मेकॅनिकच्या छातीच्या बरोबर मधून, वाऱ्याच्या काचेच्या पायथ्यापासून मागच्या टोकापर्यंत जाणारी रंगाची एक सलग उंचावलेली रेघ आहे. ती मेकॅनिकच्या कोटाच्या घडीशी जुळत नाही. ती त्याच्या खालून जाते आणि दोन्ही बाजूंना गाडीच्या अंगावरच्या रेघेला मिळते. ही रिकाम्या जागेवरच्या आच्छादनाची कड आहे, असे वाचण्यावाचून मला दुसरा पर्याय दिसत नाही. म्हणजे आधी निळी गाडी १९२५ नंतरच्या पद्धतीने, एकट्या चालकाची आणि दुसरी जागा झाकलेली अशी पूर्ण रंगवली होती. त्या अवस्थेत चित्र इतिहासाशी जुळत होते. १९३२ किंवा १९३३ मध्ये खाजगी स्पर्धक जुनी ३५ घेऊन पी-३ समोर उतरत असत, आणि असा सामना मुळीच अशक्य नव्हता. मेकॅनिक नंतर आला.

नंतर म्हणजे किती नंतर, आणि कोणाच्या हाताने, हे प्रश्न लगेच उभे राहिले. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशाच्या टॉर्चखाली जुन्या राळेच्या वॉर्निशची हिरवट झळाळी सर्वत्र सारखी दिसली. वॉर्निशवर कोणी पुढे रंग लावला असता तर तो भाग काळा पडला असता, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तसा एक लहान काळा डाग आहे, जो कुठल्या तरी जुन्या दुरुस्तीचा असणार. मेकॅनिकवर तसे काही नाही. फक्त झळाळीवर निष्कर्ष काढणे धोक्याचे, कारण कोणी नंतर संपूर्ण चित्राला नवे वॉर्निश दिलेले असू शकते. म्हणून रंगाला पडलेल्या बारीक भेगा भिंगातून पाहिल्या. त्या गाडीच्या अंगावरून मेकॅनिकच्या कोटावर आणि तिथून चालकाच्या खांद्यावर न अडखळता जातात, म्हणजे हे थर एकत्र वाळले, एकत्र म्हातारे झाले. शिवाय चालकाच्या बाहीवरची आणि मेकॅनिकच्या बाहीवरची कुंचल्याची ओढ एकाच मनगटाची आहे. मूळ चित्रकारानेच चित्र पुरे होत असताना आपला विचार बदलला, असे मी मानते.

वाऱ्याच्या काचेजवळ मेकॅनिकच्या कोपराखाली एक लहानसा गोल फुगवटाही आहे. तो मागे पाहण्याचा आरसा असावा असा माझा तर्क आहे, पण फुगवट्यावरून फलक लिहिता येत नाही. तो माझ्या वहीत राहील.

२७ जून

काल रात्री घेतलेली छायाचित्रे आज मोठ्या पडद्यावर पाहिली आणि चित्राचा अर्थ माझ्यापुरता ठरला.

मेकॅनिक झाकून पाहा. अंगठा पुढे धरून त्याला आडवा केला तरी पुरे. तीन गाड्या, तीन चालक, आणि प्रत्येक चालकाची नजर पुढच्या रस्त्यावर. निळीचा चालक वळणाच्या शेवटाकडे पाहतो, तांबडीचा आपल्या आतल्या कडेकडे पाहतो, हिरवीचे फक्त दोन चमकते ठिपके आहेत. गाड्या वेगात आहेत, एकमेकींना खेटून आहेत, पण त्यांच्यात शर्यत नाही. तीन माणसे आपापल्या कामात गर्क आहेत. चित्रकाराला ही उणीव जाणवली असणार. खऱ्या शर्यतीत चढाओढ ही प्रत्येकाच्या डोक्यात आणि घड्याळात असते, आणि ती कॅनव्हासवर आणायची तर कोणीतरी कोणाकडे तरी पाहिले पाहिजे. चालकाने मागे पाहिले तर तो रस्त्यावरून जाईल. मेकॅनिक पाहू शकतो, कारण पाहणे हेच त्याचे काम होते. म्हणून आठ-नऊ वर्षांपूर्वी नियमाने गाडीतून उतरवलेल्या माणसाला चित्रकाराने पुन्हा गाडीत बसवले.

त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, फक्त उजवा गाल, कान आणि टोपीचा बंद दिसतो, आणि हे अगदी योग्य आहे. तो घाबरला आहे की चिडला आहे हे दाखवले असते तर चित्र भावनेचे झाले असते. त्याऐवजी त्याची बातमी हातात आहे. चालकाच्या खांद्यावरची चार बोटे चित्रातली सर्वांत काळजीपूर्वक रंगवलेली जागा आहे, नखांच्या कडांवर काळे तेलही आहे. तांबडी आतून येते आहे हे मेकॅनिकला कळले आहे, त्याने हात ठेवला आहे, आणि चालकाच्या देहात अजून काहीच बदललेले नाही. चित्रातला क्षण म्हणजे बातमी पोहोचण्याआधीचा तो अर्धा सेकंद. निळीची चाके का थांबलेली दिसतात, याचेही उत्तर मला येथेच मिळाले. त्या गाडीला अजून काही कळलेले नाही.

४ जुलै

पावसाने दालनातली आर्द्रता वाढली असून कॅनव्हास वरच्या डाव्या कोपऱ्यात सैल पडला आहे. चौकटीच्या पाचरी स्वतः ठोकायच्या नाहीत, हे ठरले. संवर्धनाचे काम करणाऱ्या बाई येईपर्यंत आर्द्रता शोषणारे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले आहे. चित्र तलावपाळीच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर लावण्याची मूळ योजना रद्द केली, कारण त्या भिंतीला ओल येते.

९ जुलै

दालनात फलकाच्या मसुद्यावर बैठक झाली. दोन मते निघाली, आणि दोन्ही आदराने नोंदवते. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, काळ जुळत नाही हे लिहिले तर लोक चित्राला चुकीचे समजतील आणि पुढे जातील. त्यापेक्षा ‘युरोपातील ग्रां प्री शर्यत, १९३० चे दशक’ एवढेच लिहावे आणि बाकी मौखिक ठेवावे. दुसरे मत तरुण सहकाऱ्याचे, की काळ न जुळणे हीच बातमी आहे, तिच्यापासूनच फलक सुरू करावा, म्हणजे लोक शोधायला लागतील.

मला पहिले मत पटत नाही, कारण ठाण्यातही जुन्या गाड्यांचे जाणकार पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी पहिलाच येऊन ‘पी-३ समोर मेकॅनिक कसा?’ असे विचारील. दुसरेही पूर्ण पटत नाही. काळाच्या विसंगतीपासून सुरुवात केली तर प्रेक्षक चित्राऐवजी सनावळी पाहील आणि आपल्याला चूक सापडली या समाधानात त्या हाताकडे बघणारच नाही. फलक हातापासून सुरू व्हावा, मग नजरेकडे जावा, आणि काळ शेवटी यावा, असे मी मांडले. ज्येष्ठ सदस्यांनी ‘कल्पित’ हा शब्द कमीपणा आणणारा वाटतो असे म्हटले, तेव्हा त्याऐवजी ‘चित्रकाराने रचलेली शर्यत’ असे घेतले. त्याला कोणाची हरकत राहिली नाही.

१५ जुलै

फलकाचा मजकूर कायम झाला, तो असा:

‘निळ्या गाडीतील मेकॅनिकचा हात पाहा. मागून आतल्या बाजूने तांबडी गाडी येत असल्याची सूचना तो चालकाला देत आहे. इंजिनाच्या आवाजात बोलणे शक्य नसल्याने ही सूचना हातानेच दिली जाई. चित्रातील तिन्ही चालक रस्त्याकडे पाहतात. प्रतिस्पर्ध्याकडे पाहणारा माणूस एकच आहे. निळी गाडी फ्रान्सची बुगाटी, ३५ मालिकेची. तांबडी इटलीची आल्फा रोमिओ पी-३, जी १९३२ मध्ये शर्यतीत उतरली. त्याआधीच, १९२५ पासून, ग्रां प्री गाड्यांत मेकॅनिक बसवण्यास मनाई झाली होती. बाजूने प्रकाश टाकून पाहिले असता मेकॅनिकखाली रिकाम्या जागेचे आच्छादन आधी रंगवलेले आढळते. त्यामुळे हे एखाद्या विशिष्ट शर्यतीचे चित्र नसून चित्रकाराने रचलेली शर्यत आहे, असे आम्ही मानतो. चित्रकार अज्ञात. तैलरंग, कॅनव्हास, १९३२ नंतर. खाजगी संग्रह, ठाणे.’

‘आम्ही मानतो’ हे शब्द काढावेत असे एकाने सुचवले होते. ते मी राहू दिले आहेत. रंगाच्या थरांबद्दलचे विधान पाहणीवर आधारलेले आहे, पण चित्रकाराच्या हेतूबद्दलचे विधान अनुमान आहे, आणि वाचकाला या दोहोंतला फरक वाक्यातूनच कळावा.

१८ जुलै

पाचपाखाडीच्या ताई फलक वाचायला आल्या. त्यांनी एकच विनंती केली, आणि ती रास्त वाटल्याने शेवटच्या ओळीआधी एक वाक्य वाढवले: ‘संग्राहक कुटुंबात हे चित्र नुवोलारीची शर्यत म्हणून ओळखले जाते.’ शब्दमर्यादेत ते बसले.

बाजूच्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांपैकी आच्छादनाची रेघ सर्वांत स्पष्ट दिसणारे एक, वहीच्या पानाएवढे, फलकाखाली लावायचे आहे. चित्राची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर ठेवू, म्हणजे मेकॅनिकचा हात शाळकरी मुलांच्या नजरेच्या टप्प्यात येईल आणि मोठ्यांना थोडे वाकावे लागेल. दिवा डावीकडून, मंद आणि वॉर्निशवर चकाकी येणार नाही अशा कोनात लावण्यास विद्युतकाम करणाऱ्यांना सांगितले आहे. मजकूर आज दुपारी छपाईला गेला.